माणसां येतली, जातली

त्रिपुरारी पौर्णिमा झाली की कुडाळ, धामापूर, चौके या रस्त्यावर नाक्यानाक्याला फ्लेक्स चढतात. वर ठळक अक्षरांत ‘भव्य संयुक्त दशावतार’, त्याखाली नाटकाचे नाव आणि मग माणसांची यादी. राजा अमुक, स्त्री तमुक, खलनायक, नारद, विनोदी नट, आणि शेवटी संगीत साथ, म्हणजे हार्मोनियम, पखवाज, झांज. नावापुढे कंसात त्या त्या कलाकाराचे मूळ मंडळ. पाच-सहा मंडळांतली माणसे एका रात्रीसाठी एकत्र येतात, खेळ करतात आणि पांगतात.

माझ्या लहानपणी, १९७०च्या आसपास, असे बोर्ड नव्हते. जत्रेला आज कोण, असे विचारले की उत्तर एका शब्दात मिळे. पार्सेकर. नाहीतर वालावलकर, मोचेमाडकर, आजगावकर, खानोलकर, चेंदवणकर. राजा कोण होणार, नारद कोण, हे माणसे मांडावर, म्हणजे देवळापुढच्या खेळाच्या जागेवर, उभी राहिल्यावरच कळे. नाव कंपनीचे असे, माणूस त्या नावाखाली येई आणि जाई. हे सगळे उलटे कसे झाले ते मला इथे मांडायचे आहे. माझे वडील आयुष्यभर दशावतारात होते, उमेदीची बहुतेक वर्षे स्त्रीपार्ट करीत. त्यामुळे कंपनी मी समोरून जितकी पाहिली त्याहून जास्त मागच्या बाजूने पाहिली आहे.

दशावतार आपल्याकडे किती जुना, याचे कागद थोडे आणि सांगोवांगी फार. रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि बाईच्या वेषात पुरुषच असतात हेही तिथे आले आहे. म्हणजे सतराव्या शतकात हा खेळ लोकांच्या चांगल्या ओळखीचा असणार. दक्षिण कोकणात तो रुजवला कुणी, याबद्दल दोन परंपरा सांगतात. पहिली राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांचे नाव घेते आणि १७२८ हे साल देते. दुसरी कवठीच्या गोऱ्यांकडे जाते. दोन्हींत खेळ येतो तो दक्षिणेच्या बाजूने. कर्नाटकातले यक्षगान पाहिलेल्या माणसाला हे नाते वेगळे सांगावे लागत नाही. आरंभीचा गणपती, गाऊन कथा पुढे नेणारा सूत्रधार, वाद्याच्या ठेक्यावर खेळले जाणारे युद्ध, सगळी घडण तीच.

मराठी रंगभूमीचा इतिहास पुस्तकांत सांगलीपासून सुरू होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. त्याआधी कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या दरबारात झाला होता आणि तसेच काही मराठीत करावे असे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटले. भाव्यांच्या नाटकातही आधी गणपती येई, मग मोरावर बसून सरस्वती. आडिवऱ्याचे साल खरे धरले तर आमच्या देवळांत हा गणपती आणि ही सरस्वती त्याआधी शंभरेक वर्षे नाचत होती. भाव्यांचे मोल त्याने कमी होत नाही. पण रंगभूमीच्या इतिहासात पहिल्या प्रकरणाच्या आधी एक प्रकरण हवे, असे मला कळकळीने वाटते, आणि ते लिहायला लागणारी नावे आता फार थोड्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली आहेत.

खेळाची रचना सांगते, म्हणजे पुढचे बोलणे नीट कळेल. पालखीची प्रदक्षिणा झाली, देव स्थानावर बसला, की मध्यरात्रीच्या सुमारास देवळाच्या मांडावर नाटक उभे राहते. पहिला भाग आडदशावतार. गणपती येतो, बरोबर रिद्धी-सिद्धी. भटजी पूजा सांगतो. सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो, आणि वेद चोरणारा संकासुर येतो. काळा वेष केलेला हा संकासुर मालवणीत बोलतो, नाइकाशी, म्हणजे सूत्रधाराशी, हुज्जत घालतो, गावातल्या रस्त्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांची खबर घेतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. नाव दशावतार, पण दहा अवतार क्वचितच दिसतात. त्यानंतर मुख्य आख्यान. रामायण, महाभारत, पुराणे यांतली एखादी कथा, पहाटेपर्यंत. शेवटी दहीकाला. हंडी फुटते, आरती फिरते, लोक घरी जातात. म्हणून आमच्याकडे या सगळ्यालाच ‘धयकालो’ म्हणतात.

आख्यानाची संहिता नसते. माझ्या मते दशावताराच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि माणसे बदलूनही कंपन्या जगल्या त्याही हिच्यामुळेच. रंग लावता लावता नाईक कथा सांगतो. आज रुक्मिणीस्वयंवर लावू, तू कृष्ण, तू रुक्मी, तू शिशुपाल. प्रवेश किती, कुणानंतर कोण, युद्ध कुठे आणि पद कुठे, एवढे ठरते. बाकी बोलणे जागच्या जागी सुचायचे. शुद्ध मराठी, संस्कृतप्रचुर, लांब श्वासाची वाक्ये, आणि बोलणारा माणूस दिवसा नांगर धरणारा, रंधा मारणारा किंवा रापणीला जाणारा. पुराण ठाऊक आहे, रीत ठाऊक आहे, असा कुणीही नट कुठल्याही कंपनीत त्याच रात्री उभा राहू शकतो. वाक्य पाठ असावे लागत नाही, समोरच्याचे वाक्य नीट ऐकावे लागते. बाबा पहिल्यांदा मोठ्या भूमिकेला उभे राहिले तेव्हा वयाने पोरच होते. स्त्रीपार्टी आजारी पडला होता. नाइकाने त्यांना एवढेच सांगितले, “आज तू रुक्मिणी. कृष्ण इचारतलो तेवढ्याचाच उत्तर दी, फुडचा मी बघतंय.” पेटीवर बसून त्याने रात्रभर खरोखरच पुढचे पाहिले. बाबा अडखळले की पद सुरू करायचे, पदाच्या शेवटच्या ओळीत पुढच्या प्रवेशाची दिशा द्यायची.

तो नाईक आणि त्याचे दोघे सोबती यांच्याविषयी लोक कमी बोलतात, म्हणून जरा थांबून सांगते. मांडावर सामान म्हणजे एक बाक. तेच सिंहासन, तोच पर्वत, तोच रथ. बाकाच्या एका अंगाला हे तिघे बसतात. पायपेटीवर नाईक, त्याच्या जवळ मृदंगवाला आणि झांजवाला. नट येतो, बोलतो, आत जाऊन तोंडावर पाणी मारतो, विडी ओढतो. हे तिघे मात्र मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत हलत नाहीत. पायपेटीचा भाता पायाने चालतो, त्यामुळे दोन्ही हात सुरांना मोकळे. राजा बोलत असताना नाईक खाली एक सूर धरून ठेवतो आणि राजाचा आवाज चढला की सूरही चढवतो. युद्धात तर सगळा कारभार मृदंगाचा. तलवारी लाकडाच्या, घाव हवेतले. पण थाप नेमकी त्या क्षणी पडली नाही तर घाव लागलाच नाही. दोन योद्धे फेर धरतात, गिरक्या घेतात, मृदंगवाला त्यांच्या पायांकडे बघत लय वाढवत नेतो, झांज तिला धार देते. मांडावर बसलेल्या माणसाच्या छातीत ते घुमते. विजेचा दिवा नव्हता, नुसती गॅसबत्ती फुसफुसत होती, तेव्हाही या तीन वाद्यांनी देवळाच्या आवारात कुरुक्षेत्र उभे केले.

ही पेटी मात्र मुळातली नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ आले, नाट्यसंगीताची हवा गावोगाव पसरली, आणि ती पदे, त्या चाली दशावतारातही शिरल्या. एका बाजूला यक्षगानाच्या घराण्यातला खेळ, दुसऱ्या बाजूला किर्लोस्कर-गंधर्वांचे सूर. हे मिश्रण अशुद्ध म्हणून नाक मुरडणारे लोक मला भेटले आहेत. मला त्यांचे पटत नाही. जे जे कानाला लागले ते या माणसांनी घेतले आणि रात्रभर पेलेल असे करून घेतले.

आता माणसांकडे येते. जुन्या काळी कार्तिकात कंपनी बाहेर पडली की वैशाखापर्यंत घराचे तोंड कमीच दिसे. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची, आणि मधले अंतर पायी. वाटेत खाडी आली तर तरीतून पलीकडे. पुढे पेटारा. त्यात गणपतीचा मुखवटा, वेष, मुकुट, शस्त्रे. पेटाऱ्याची पूजा होते, त्याला नमस्कार केल्याशिवाय नट रंगाला हात लावत नाही. बाबा म्हणत, “माणसां येतली, जातली, पेटारो रव्हाक होयो.” हा त्यांचा भाविकपणा होताच, पण धंद्याचा सगळा हिशेबही त्याच वाक्यात होता. अमुक देवळाची जत्रा अमुक कंपनीने करायची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले. हा हक्क पेटाऱ्याच्या मालकाकडे, म्हणजे मंडळाकडे. नटाकडे नव्हे. नट रुसला, आजारी पडला, मुंबईला गिरणीत गेला, तरी तिथीला जत्रा येणार आणि त्या मांडावर तोच पेटारा उघडणार. नट बदलायचे म्हणजे एका माणसाच्या जागी दुसरा उभा करायचा, एवढेच. जागा कायम.

आणि त्या जागाही एकाच माणसाच्या आयुष्यात बदलत जात. बाबांची वाटचाल मला पाठ आहे. मिसरूड फुटायच्या आधी सिद्धी. मग बरीच वर्षे स्त्रीपार्ट. दमयंती, तारामती, द्रौपदी. आवाज जड झाला, कंबर गेली, तेव्हा थोडे दिवस नारद. मग ऋषी, भटजी, म्हातारा राजा. अखेरीस झांज. एका कंपनीतली सगळी वये एकाच वेळी मांडावर असत. धाकट्याला थोरल्याची जागा समोर दिसे, आणि थोरल्याला आपण कुठून आलो ते दिसे. शिकवणीचा तास असा नव्हता. विंगेत उभे राहून बघायचे. विंग म्हणजे देवळाचा खांब.

स्त्रीपार्टाच्या तयारीइतके सुंदर काही मी पाहिलेले नाही. देवळामागच्या पडवीत चटईवर आरसा टेकलेला. बाबा आधी खोबरेल चोळत, मग सफेदा आणि पिवडी एकत्र कालवून हाताच्या तळव्याने चेहऱ्याला एकसारखी बसवीत. गालाला आणि ओठांना हिंगूळ. डोळ्यांत काजळ भरताना श्वास रोखून धरीत. भुवईची रेघ एकदाच ओढायची, दुरुस्ती नाही. लुगडे नेसायला कुणाची मदत घेत नसत. निऱ्या दातांत धरून कासोटा मारीत, आणि पदर खांद्यावर पडला की खांद्याचीच ठेवण बदले. त्यानंतर त्यांना कुणी हाक मारायची नाही असा घरचा नेम होता. गावातल्या बायका केळीच्या पानात वळेसार, म्हणजे गजरा, आणून देत, थंडीत अबोलीचा, शिमग्याच्या आगेमागे सुरंगीचा. ज्या गावात वळेसार आला नाही, त्या गावात आपले काम आवडत नाही असे ते धरून चालत. आईची पैठणी जत्रेच्या दिवसांत आमच्या घरी नसायची. आईने त्यावर कधी कुरकूर केली नाही. नाटक पाहून आल्यावर मात्र पदर कुठे चुकला ते सांगायची, आणि बाबा ऐकून घ्यायचे.

मंडळे फुटली ती मुख्यतः दोन कारणांनी. एक तिथी. एकाच तिथीला दोन देवळांच्या जत्रा आल्या आणि दोन्ही आपल्याच, तर माणसे वाटायची. दुसरा संच उभा करायचा, कमी पडतील ते नट बाहेरून आणायचे. असा दुसरा संच दोनचार हंगाम टिकला की त्याला आपलाच पेटारा हवासा वाटतो. दुसरे कारण पैसा आणि मान. नाईटचे जे बोलले ते मिळाले नाही, राजापार्ट कबूल केला आणि दिला दुसऱ्याला. बाबाही एका कंपनीतून असेच बाहेर पडले होते. तिचे नाव घेत नाही, कारण पुढच्याच वर्षी ती माणसे आमच्या ओटीवर जेवायला बसली होती. एकाच नावाची दोन मंडळे आज दिसतात ती अशा वाटण्यांचीच आठवण देतात. नाईक मोचेमाडकर आणि मामा मोचेमाडकर ही दोन्ही नावे दशावताराच्या प्रेक्षकाला ठाऊक आहेत. जुन्या मंडळांची नावे अशी गावावरून किंवा घराण्यावरून. नंतर उभी राहिलेली मंडळे पुष्कळदा देवाचे नाव घेतात. नेरूरचे कलेश्वर घ्या. घराण्याचा पेटारा नसला की ग्रामदेवतेच्या आधाराने उभे राहायचे, असे मला ते दिसते.

किर्लोस्कर मंडळीतही हेच झाले होते. १९१३ साली बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे १९१८ मध्ये मंगेशीचे मास्टर दीनानाथ निघाले आणि बळवंत संगीत मंडळी झाली. पण तिथे गंधर्व गेले की किर्लोस्करांची निम्मी गर्दी गेली, कारण तिकीट गंधर्वांच्या नावावर खपत होते. आमच्याकडे तिकीटच नव्हते. बिदागी देऊळ देई, गर्दी देवीची असे. म्हणून मोठमोठ्या नाटक मंडळ्या बुडाल्या आणि पेटारा डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या या कंपन्या तरल्या.

माझा भाचा पुण्यात गिटार वाजवतो. हे सगळे त्याला सांगत होते तेव्हा तो म्हणाला, मावशी, तुझी कंपनी म्हणजे आमचा हॉकविंड. हा लंडनचा बँड, १९६९ साली निघालेला. अंतराळ, तारे, दूरचे प्रवास यांवर लांबच लांब, घुमत राहणारे वादन आणि भोवती रंगीत दिव्यांचा खेळ. त्याला स्पेस रॉक म्हणतात. १९७३ मध्ये त्यांचा ‘स्पेस रिच्युअल’ हा प्रत्यक्ष मैफलींचा दुहेरी अल्बम निघाला. मायकेल मूरकॉक या विज्ञानकथा लिहिणाऱ्या लेखकाने त्यांच्यासाठी लिहिले, रंगमंचावरही तो आला. सभासद इतके बदलले की यादी पानभर होते. १९७२ च्या ज्या गाण्याने त्यांना नाव मिळाले ते ‘सिल्व्हर मशीन’ गाणारा लेमी १९७५ मध्ये काढला गेला, कॅनडाच्या सरहद्दीवर पकडला गेल्यानंतर. त्याने मोटरहेड काढला आणि तो त्याहून मोठा झाला. नाव कुणाचे यावरून जुन्या सोबत्यांत कोर्टापर्यंत गेले. १९७८ मध्ये तर मूळ नाव बाजूला ठेवून काही काळ हॉकलॉर्ड्स म्हणून वाजवावे लागले. भाच्याने ऐकवले ते मी डोळे मिटून ऐकले. एकच सूर धरून त्यावर तासभर चढत जाणे मला परके वाटले नाही. फरक मोठा आहे तो एकच. त्या बँडमध्ये पहिल्यापासून आजवर एक माणूस कायम आहे, डेव्ह ब्रॉक. तो आहे म्हणून बँड आहे. आमच्या जुन्या मंडळांत आरंभीचा एकही माणूस उरलेला नाही, काही मंडळांत आरंभ कुणी केला तेही सांगता येत नाही, आणि तरी जत्रा चुकलेली नाही.

ही घडी मोडायला सुरुवात झाली ती मोटारसायकलने. हे माझे मत आहे आणि मी ते बऱ्याच जुन्या नटांशी बोलून बनवले आहे. चालत फिरणारी कंपनी हंगामभर एकत्र राही, एका चुलीवर जेवी. दुपारी देवळात पडल्या पडल्या कालच्या प्रवेशाची चर्चा होई. वाक्याला वाक्य कसे द्यायचे ते तिथे घोटले जाई. रस्ते झाले, तरींच्या जागी पूल आले, पेटारा टेम्पोत चढला. कंपनीचे पाय सुटले, ते चांगलेच झाले. बाबांच्या टाचांच्या भेगा मी पाहिल्या आहेत. मग नटांकडे स्वतःची गाडी आली. खेळ संपला की पहाटे घरी, दिवसा नोकरी किंवा दुकान, रात्री पुन्हा हजर. उद्या आपल्या मंडळाची जत्रा नसेल तर दुसऱ्याकडे. मोबाईल आल्यावर तर दुपारी फोन करून रात्रीचा राजा मिळू लागला. संहिता नसण्याची जी सोय आजाऱ्याची जागा भरण्यासाठी होती, तिच्यावरच आता संयुक्त दशावतार चालतो. रंगपटात पहिल्यांदा भेटणारे सहा जण अर्ध्या तासात नाटक बांधतात आणि ते उभेही राहते. ही ताकद थोर आहे, तिला मी मनापासून मान देते. मात्र रोज एकत्र राहणाऱ्या माणसांत जो संवाद चढत जातो तो अशा रात्री नेहमी साधत नाही. कधी कधी दोन नामांकित नट आपापले ठरलेले भाषण करून मोकळे होतात.

जत्रेबाहेरचे खेळही वाढले. नवसाचे नाटक, वाढदिवसाचे, मंडळाच्या वर्धापनदिनाचे, मुंबईत चाकरमान्यांनी नाट्यगृहात लावलेले. तिथे बोलावणारा देव नाही, माणूस आहे, आणि माणूस आवडता नट मागतो. त्याबरोबर ट्रिकसीन आले. धूर, रंगीत झोत, हवेतून उतरणारा देव, फणा काढणारा नाग, छाटले जाऊन बोलणारे मस्तक. जुनी माणसे त्यावर चिडतात. मी तेवढी चिडत नाही. लहान मुले पुढच्या रांगेत जागी राहतात हे मी पाहिले आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ट्रिकसीनसाठी ध्वनिमुद्रित संगीत लावतात आणि तेवढा वेळ ते तिघे हात जोडून बसतात. देव उतरतो त्या क्षणी मृदंग गप्प असणे मला सहन होत नाही.

नावाने गर्दी खेचणारे नट या काळात मोठे झाले आणि त्यांची योग्यताही तशीच होती. बाबी नालंग, यशवंत तेंडोलकर यांच्यासारखी ज्येष्ठ नावे घराघरात गेली. स्त्रीपार्टासाठी ओमप्रकाश चव्हाण यांचे काम पाहायला बायका लांबून येत. बाबी कलिंगणांचा मुलगा सुधीर कलिंगण नेरूरच्या कलेश्वर मंडळाचा राजा झाला, लोकांनी त्याला लोकराजा म्हटले. २०२२ च्या जानेवारीत तो गेला. त्याआधी करोनाने जत्रांची मांडणी विस्कटली होती, मांडावर पालखी फिरली आणि नाटक झाले नाही अशाही रात्री गावांनी पाहिल्या होत्या. त्या धक्क्यातून मंडळे सावरत होती तोच ही बातमी. राजा गेला, आता कलेश्वराचे काय, असे लोक उघड विचारीत. सुधीरचा मुलगा सिद्धेश उभा राहिला आणि मंडळ चालू राहिले. घराण्यातली तिसरी पिढी राजापार्टात आली. जुन्या रीतीत ही जागा भरायला शेजारच्या गावचा कुणीही चालला असता. आता लोकांना कलिंगणच हवा होता. माणसाचे नाव मंडळाच्या नावाइतके मोठे झाल्याचा याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

२०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ हा सिनेमा आला. तो पाहून शहरातली माणसे आता जत्रेच्या तारखा विचारू लागली आहेत. त्याआधी ‘वस्त्रहरण’ या नाटकाने मच्छिंद्र कांबळींबरोबर मालवणी बोली जगभर नेली होती. या दोन्हींचे आम्हाला अप्रूप आहेच. पण येणाऱ्याला माझी एक विनंती असते. राजाचा फोटो काढून झाला की पेटीवर कोण बसलाय त्याचे नाव विचारा, कुठल्या गावचा, कुणाकडे शिकला, आधी कुठल्या कंपनीत होता, एवढे लिहून घ्या. नटांची नावे फ्लेक्सवर आहेत, वर्तमानपत्रांत आहेत. वाजवणाऱ्यांची परंपरा कुणी मांडलेली नाही. बाबांच्या हिशेबाच्या वहीत दर नाईटपुढे नाइकाचे आणि मृदंगवाल्याचे नाव आहे. त्या नावांच्या घरी मी जाते आहे. बऱ्याच घरांत मृदंग खुंटीला आहे, वाजवणारा नाही.

आणि एक गोष्ट. अलीकडे बायकांचीही दशावतार मंडळे उभी राहिली आहेत. बाबांनी ती पाहिली असती तर पहिल्या रांगेत बसले असते. पुरुषाने बाई व्हायचे आणि बाईने ओटीवरून बघायचे, हा शेकडो वर्षांचा नेम मोडून मुली मुकुट घालून गर्जतात, तलवार फिरवतात, संकासुर होऊन सरपंचाची खबर घेतात. राजा आहे, खलनायक आहे, नारद आहे. मी पाहिलेल्या खेळांत पायपेटीवर आणि मृदंगावर मात्र अजून पुरुषच बसलेले होते. त्यांतल्या एका नाइकाला मी विचारले, पोरींना पेटी शिकवाल का. तो म्हणाला, येऊंदेत, पण हंगाम संपल्यावर. पावसात चार महिने रोज बसूक होया. कुडाळच्या दोन मुली जूनपासून जाणार आहेत.